एसटीपीच्या खोलीत एकदा उतरून बघा

यमुना पल्ला गावाजवळ दिल्लीत शिरते तेव्हा ती बऱ्यापैकी नदी असते. वजिराबादच्या बंधाऱ्यावर तिचं जवळपास सगळं पाणी पिण्यासाठी उचललं जातं आणि लगेच खाली नजफगढ नाला तिच्यात येऊन मिळतो. पावसाळा सोडला तर तिथून ओखल्यापर्यंत नदीच्या पात्रात वाहतं ते मुख्यतः दिल्लीचं आणि शेजारच्या शहरांचं सांडपाणी. हे अंतर जेमतेम २२ किलोमीटर, म्हणजे १,३७६ किलोमीटरच्या नदीचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग. नदीतल्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार मात्र इथेच पडतो. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती दर महिन्याला पल्ल्यापासून असगरपूरपर्यंत पाण्याचे नमुने तपासून आकडे जाहीर करते. आयएसबीटीच्या पुलाखाली विरघळलेल्या ऑक्सिजनच्या रकान्यात बहुतेक महिने एकच शब्द असतो: निरंक.

यावर सरकारला नावं ठेवायला जागा भरपूर आहे. यमुना कृती योजना जपानच्या मदतीने १९९३ मध्ये सुरू झाली, तिचे एकामागून एक टप्पे झाले. ओखल्याचा १२४ एमजीडीचा, म्हणजे दिवसाला ५६ कोटी लिटरचा प्रकल्प उभा राहिला. तरी नदी आहे तशीच. दिल्लीत रोज ७९२ एमजीडी सांडपाणी तयार होतं असं सरकारी कागद सांगतात, तो आकडाही मोजून आलेला नाही. पुरवलेल्या ९९० एमजीडी पाण्याचे ८० टक्के, असा तो सरळ हिशेब आहे. बोअरवेलचं आणि खासगी टँकरचं पाणी त्यात धरलेलंच नाही.

हा लेख मात्र आपल्या हातात असलेल्या भागाबद्दल आहे, आणि तो भाग वाटतो तेवढा लहान नाही. पहाडगंज-करोलबागेतली जुनी मराठी घरं सोडली तर राजधानी परिसरात आलेल्या आपल्या मराठी लोकांपैकी बरेच जण गुरुग्राम, नोएडा, इंदिरापुरम, द्वारका इथल्या उंच सोसायट्यांत राहतात. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. सांडपाणी जागीच शुद्ध करायची आणि ते फ्लशला-बागेला वापरायची अट त्या मंजुरीत असते. म्हणजे तुमच्या पार्किंगच्या खालच्या मजल्यावर, बहुधा जनरेटरच्या बाजूला, एक एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, आहे. तो चालवायची जबाबदारी बिल्डरकडून रहिवासी संघाकडे आलेली आहे. सांडपाण्यापुरती तुमची सोसायटी ही एक नगरपालिकाच आहे आणि तुम्ही तिचे मतदार आहात.

आधी एवढं माहीत करून घ्या की तुमचं पाणी जातं कुठे. गुरुग्रामचं सांडपाणी धनवापूर आणि बेहरामपूरच्या प्रकल्पांकडे जातं. जे तिथे पोचत नाही ते लेग-१, लेग-२ आणि बादशाहपूरच्या नाल्यांतून नजफगढ नाल्यात, आणि तिथून यमुनेत. नजफगढ नाला म्हणजे मूळची साहिबी नदी, हेही लक्षात असू द्या. गाझियाबाद आणि ग्रेटर नोएडा वेस्टचा ओघ हिंडनकडे आहे. नोएडातून कोंडली नाला थेट यमुनेला मिळतो. ओखल्याच्या बंधाऱ्यावरून १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा निघतो. तो फरिदाबाद, पलवल, मथुरा, आग्रा या भागातल्या शेतांना पाणी देतो. ओखल्याला नदीत जे काही असतं तेच कालव्यात शिरतं. तुमच्या सिंकमधून गेलेलं पाणी पलवलच्या गव्हाला मिळतं, हे शब्दशः खरं आहे.

आता एसटीपीच्या खोलीत उतरू. ऑपरेटरला आधी सांगून जा, दिवसा जा, आणि कुठल्याही टाकीच्या झाकणावर पाय ठेवू नका. पहिली तपासणी नाकाने होते. चांगल्या चाललेल्या हवेच्या टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर टाकीत ऑक्सिजन पोचत नाही. मग रंग बघा. चॉकलेटी तपकिरी असेल तर जिवाणू जिवंत आहेत, काळा असेल तर नाहीत. बुडबुडे सगळ्या पृष्ठभागावर सारखे यायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं उसळतंय आणि बाकी टाकी शांत आहे, याचा अर्थ तळातले हवा सोडणारे डिफ्यूझर फाटलेत किंवा चोंदलेत.

सगळा खेळ या जिवाणूंचा आहे. मैला खाऊन पाणी साफ करतात ते तेच, यंत्रं त्यांना फक्त हवा देतात. हवा काही तास बंद राहिली की ते मरायला लागतात, आणि मेलेला गाळ पुन्हा उभा करायला आठवडे जातात. कधी कधी तर दह्याला विरजण लावतात तसा दुसऱ्या चालत्या प्रकल्पातला गाळ टँकरने आणून टाकावा लागतो. म्हणून हवा देणारे ब्लोअर रात्री बंद ठेवून वीज वाचवणं हा सोसायट्यांतला सर्वात महागडा काटकसरीचा प्रकार आहे. प्रकल्पाच्या विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त ब्लोअरच खातात, त्यामुळे खजिनदाराची नजर तिथे जाते हे समजू शकतं. एसटीपीला स्वतंत्र वीज मीटर बसवून घ्या आणि दर महिन्याचं रीडिंग नोटीस बोर्डावर लावा. युनिट अचानक घटली तर अभिनंदन करायच्या आधी कारण विचारा. हिवाळ्यात हवा बिघडली की डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. लाइट गेल्यावर ब्लोअर कशावर चालणार, हे ऑक्टोबरच्या आधी ठरलेलं बरं.

एक साधी चाचणी तुम्ही स्वतः उभं राहून करवून घेऊ शकता. एक लिटरचं मापाचं काचेचं नळकांडं हवेच्या टाकीतल्या पाण्याने भरायला सांगा आणि अर्धा तास तसंच ठेवा. गाळ खाली बसून वर पाणी निवळलं आणि गाळाची पातळी साधारण २५० ते ४०० मिलिलिटरच्या दरम्यान आली तर प्रकल्पाची तब्येत बरी आहे. अर्ध्या तासानेही सगळं गढूळच राहिलं तर नाही. गाळ ५० मिलिलिटरसुद्धा बसला नाही तर टाकीत जिवाणूच नाहीत, नुसतं सांडपाणी फिरतंय. तुमच्याकडे एमबीबीआर पद्धत असेल, म्हणजे टाकीत प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चकत्या फिरत असतील, तर ही चाचणी तितकी बोलकी नाही. तिथे एक चकती बाहेर काढायला सांगा. आतल्या जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर दिसला पाहिजे. चकती नव्यासारखी पांढरीफेक असेल तर काम होत नाहीये.

मग हिशेब. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी, असं शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण आहे. ५०० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे २,००० लोक. रोज सुमारे २७० हजार लिटर पाणी लागतं आणि २१६ हजार लिटर सांडपाणी निघतं. ऑपरेटरच्या लॉगबुकात इनलेटच्या मीटरवर ९० हजारच दिसतात? मग उरलेलं कुठे गेलं, हा प्रश्न सभेत विचारा. बहुतेक वेळा उत्तर एका बायपासच्या व्हॉल्व्हमध्ये सापडतं. तो बाहेरच्या नाल्याकडे उघडतो.

लॅबचा अहवाल वाचायलाही फार शिकावं लागत नाही. तीन रकाने पुरेत: बीओडी, टीएसएस आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. टीएसएस म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे २० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ‘नितीन शंकर देशपांडे विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ३० एप्रिल २०१९ रोजी १० ची शिफारस मान्य केली. दिल्लीची प्रदूषण नियंत्रण समितीही बीओडी १० आणि टीएसएस १० धरते. तुम्हाला लागू होतो तो आकडा तुमच्या ‘कन्सेंट टू ऑपरेट’मध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीत, छापलेला असतो. तो कागद कार्यालयात मागा. सापडत नसेल किंवा मुदत संपलेली असेल तर तीच पहिली बातमी.

खोटा अहवाल ओळखायची एक खूण सांगतो. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. नमुना सोमवारी घेतलेला आणि अहवाल मंगळवारचा असेल तर त्यातला बीओडीचा आकडा कुणीतरी बसल्या जागी लिहिलेला आहे. दुसरी खूण: फक्त बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल घेऊ नका, आत येणाऱ्याचाही घ्या. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. आत येणाऱ्याचाच ६० दाखवला असेल तर नमुन्यात नळाचं पाणी मिसळलेलं आहे. सीओडी, म्हणजे रसायनांनी मोजलेली ऑक्सिजनची गरज, बीओडीपेक्षा नेहमी जास्त असतो. उलटं छापलं असेल तर लॅब बदला. नमुना घ्यायला सोसायटीतलं कुणीतरी हजर असावं, एवढा नियम केला तरी पुष्कळ सुधारतं.

फ्लशच्या पाण्याचा किस्सा जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एकसारखा घडतो. शुद्ध केलेलं पाणी फ्लशच्या टाकीत पिवळट येतं, वास मारतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ओरडा होतो, आणि समिती गुपचूप फ्लशच्या लाइनला गोडं पाणी जोडून टाकते. त्या दिवसापासून शुद्ध पाणी नाल्यात, टँकरचं पाणी संडासात. खरा उपाय कंटाळवाणा आहे. वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवायचा, कार्बन वेळेवर बदलायचा, शेवटी क्लोरीन नेमानं घालायचं. आणि प्लंबरला फ्लशची लाइन पिण्याच्या लाइनच्या आसपासही फिरकू द्यायची नाही. दोन्ही नळांचे रंग वेगळे असलेच पाहिजेत.

घरात काय करायचं हे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेक जण करत नाहीत. दिवाळीत चकल्या-अनारसे तळलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात द्या. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड संडासात टाकू नका, पंप तिथेच अडकतात. ॲसिड आणि फिनेल बादलीने ओतलं की खाली जिवाणू मरतात. कालिंदी कुंजला छठच्या सुमारास नदीवर जो पांढरा फेस दिसतो त्यात साबण आणि डिटर्जंटमधले फॉस्फेट आणि फेसकारी रसायनं असतात. २०२१ मध्ये दिल्ली सरकारने भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) निकषात न बसणाऱ्या डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा पाकिटावरचा शिक्का बघून घ्या. गणपतीचं विसर्जन यमुनेत करायला दिल्लीत मनाई आहे. मंडळाने शाडूची मूर्ती आणि कृत्रिम तलाव आधीच ठरवावा. आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये तुंबलेलं पाणी सांडपाण्याच्या मॅनहोलचं झाकण उचलून त्यात सोडायची सवय मोडा. एका रात्रीत सगळा जिवंत गाळ वाहून जातो.

सीवर नसलेल्या भागात राहत असाल, आणि दिल्लीतल्या सतराशेहून अधिक अनधिकृत वसाहतींपैकी अनेक अशा आहेत, तर तुमचा प्रश्न सेप्टिक टँकचा. तो दर दोन-तीन वर्षांनी उपसलाच पाहिजे. भरलेला टँक नुसताच नाला असतो. उपसणारा टँकर जल बोर्डाकडे नोंदलेला आहे का आणि मैला कुठे रिकामा करणार, हे विचारा, पावती घ्या. स्वस्तात काम करणारा टँकर रात्री जवळच्या पावसाळी नाल्यात रिकामा होतो. दिल्ली जल बोर्डाचा तक्रारीचा क्रमांक १९१६ आहे. गाडीचा क्रमांक आणि वेळ सांगितली तर तक्रारीला वजन येतं.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याही कारणाने घडू देऊ नका: टाकीत माणूस उतरवणं. सप्टेंबर २०१८ मध्ये पश्चिम दिल्लीतल्या मोती नगरमध्ये, एका चांगल्या खात्यापित्या लोकांच्या सोसायटीत, एसटीपीची टाकी साफ करायला उतरलेले पाच कामगार विषारी वायूने गेले. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. पहिला खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सीवर किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. थेट नेमलं की ठेकेदारामार्फत, याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मशिनने उपसायचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि पैशांचा प्रश्नच नसता तरी मशिननेच उपसायला हवं होतं.

आता आग्रा कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, शेतात. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे, आणि पुण्याखालच्या मुळा-मुठेच्या काठी किंवा नागपूरजवळ नाग नदीच्या खाली शेती असणाऱ्यांना हा विषय दिल्लीकरांइतकाच लागू पडतो. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडून शेतीला देतात. नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. दिल्लीतही प्रगती वीज केंद्र असंच पाणी वापरतं. गाझियाबादच्या महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, ते साहिबाबादच्या कारखान्यांना असं पाणी पुरवण्यासाठी. वापरलेल्या पाण्याला गिऱ्हाईक आहे. ते नीट शुद्ध करून द्यायची शिस्त तेवढी कमी पडते.

शेतकऱ्याला या पाण्यात फायदाही आहे. त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र असेल आणि एकराला सहा सेंटिमीटरच्या चार पाळ्या दिल्या, तर सुमारे दहा लाख लिटर पाण्यातून २० किलो नत्र जमिनीत जातं. म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. तेवढी गोणी हिशेबातून कमी केली नाही तर गहू माजतो आणि लोळतो. तोट्याची बाजू क्षारांची. शेतात पांढरा थर दिसायला लागला की पाणी आणि माती तपासा. दिल्ली परिसरात उजवा गावातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करता येईल, महाराष्ट्रात आपल्या जिल्ह्याच्या. वर औद्योगिक वसाहत असेल तर शिसं, कॅडमियमसारखे धातू तपासल्याशिवाय ते पाणी भाजीला देऊ नका. एसटीपीतले जिवाणू धातू खात नाहीत, धातू गाळात साठतात. म्हणून एसटीपीचा गाळ खत म्हणून घेतानाही धातूंची तपासणी मागायलाच हवी.

पिकांची निवड हीच खरी चाळणी. कच्च्या खायच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १९८९ ची मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरमध्ये जास्तीत जास्त एक कृमीचं अंडं अशी होती. त्या दर्जाची खात्री नसेल तर मुळा, गाजर, कोथिंबीर, पालक टाळा. गहू, मोहरी, झेंडू घ्या. वांगी-टोमॅटो ठिबकवर घ्या, म्हणजे फळाला पाणी लागत नाही. काढणीच्या आधी काही दिवस पाणी तोडा. पाणी देताना अनवाणी राहू नका, गमबूट घाला.

हे कसं करावं याचा चांगला नमुना दिल्लीतच, पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. शेजारच्या कृषी कुंज वसाहतीचं रोजचं सुमारे २२ लाख लिटर सांडपाणी तिथे ‘जलोपचार’ नावाच्या पाणथळ पद्धतीने, पाणकणसाच्या मुळांमधून गाळून, संस्थेच्या शेतांना देतात. जागा लागते, पण वीज आणि यंत्रं फार कमी. गावाच्या वेशीवर नाला ओढ्याला मिळतो तिथे अर्धा-एक एकर गायरान असेल तर ग्रामपंचायतीने पुसाला जाऊन बघून यावं असं मला वाटतं. शहरातल्या महागड्या प्रकल्पांपेक्षा आपल्या गावांना हे जास्त जमण्यासारखं आहे.

भाजी विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. हरित लवादाने १३ जानेवारी २०१५ च्या निकालात यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या पट्ट्यात, खाद्यपिकं घ्यायला मनाई केली. तरी ती पिकतात आणि मंडईत येतात, आणि जुडीवर पत्ता लिहिलेला नसतो. जंतू धुऊन आणि शिजवून जातात, धातू जात नाहीत. म्हणून पालेभाजी एकाच विक्रेत्याकडून वर्षभर घेऊ नका, ठिकाणं बदला. पोह्यांवर भुरभुरायची कोथिंबीर आणि कोशिंबिरीची काकडी वाहत्या पाण्याखाली पान-पान करून धुवा. मुळ्याची आणि गाजराची साल काढाच.

तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा होईल तेव्हा तिच्या विषयपत्रिकेत पार्किंगच्या भांडणाच्या आधी एसटीपी घालायला लावा. चार कागद मागा: कन्सेंटची प्रत, तीन महिन्यांचे आत-बाहेरचे अहवाल, ब्लोअरच्या मीटरची रीडिंग आणि गाळ नेणाऱ्याची पावती. यातला एकही मिळाला नाही तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क किरकोळ असतं.